पायाला चिकटणारं डांबर आणि खाजनातला काळा चिखल

मे महिन्यात बाणावलीला किंवा कळंगुटला चालून आलं की तळपायाला काळे गोळे चिकटलेले असतात, मग खोबरेल लावून घासत बसायचं. हे टारबॉल समुद्रात सांडलेल्या तेलाचे. पण तेल मुळात बनलं कशातून? डायनासोर कुजून, असं अजूनही बरेच जण पोरांना सांगतात, ते चूक आहे.

वाद शास्त्रज्ञांतही होताच. आवर्तसारणीवाल्या मेंडेलीव्हने १८७७ मध्ये मांडलं की खोल जमिनीत धातूंच्या कार्बाइडला (धातू आणि कार्बनच्या संयुगाला) पाणी लागून तेल होतं, म्हणजे जीवांचा संबंधच नाही. मग १९३० च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन केमिस्टला तेलात पॉर्फिरिन सापडले, म्हणजे हरितद्रव्याचेच अवशेष, आणि तेलाचं मूळ शेवाळ-प्लँक्टनमध्ये, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत आहे हे पक्कं होत गेलं.

पण समुद्रात जीव तर सगळीकडे आहेत, मग तेल सगळीकडे का नाही? ओहोटीला खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीत, मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी) चिखलात हात घालून बघा, वर थोडासा तपकिरी थर, खाली काळाकुट्ट गाळ आणि सडक्या अंड्याचा वास. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे खाली ऑक्सिजन संपलाय आणि मेलेलं सगळं पूर्ण कुजत नाहीये. माझ्या मते अख्ख्या गोष्टीतली हीच खरी किल्ली, जगण्यापेक्षा न कुजण्याला जास्त महत्त्व. आपल्या अरबी समुद्रातही साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, आणि पावसाळा सरताना गोव्याच्या किनाऱ्यालगतही तळाचं पाणी तसंच होतं, दोनापावलाच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) हे वर्षानुवर्षं मोजलंय.

क्रिटेशस काळात, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या युगात तर समुद्रांचे मोठमोठे भाग असे गुदमरले होते, श्लांगर आणि जेन्किन्स या भूशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये ते काळ्या शेलच्या (चिखल दबून झालेल्या खडकाच्या) थरांवरून दाखवलं. असा गाळ दबत दबत खडक होतो, त्यातला सेंद्रिय भाग केरोजेन (तेलाचा घट्ट कच्चा माल) बनतो, दोन-चार किलोमीटर खाली साधारण ६० ते १२० अंशांत तो लाखो वर्षं शिजला की तेल, आणखी तापला की गॅस.

गोव्याच्या जमिनीखाली हे शोधण्यात अर्थ नाही, इथले खडक फार जुने, तापून-दबून पार बदललेले, त्यात लोखंड मिळतं. पण १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात मुंबई हायला तेल लागलं ते मुख्यतः पन्ना नावाच्या थरांतून आलेलं, पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या दलदलीत आणि उथळ खाड्यांत साठलेल्या काळ्या गाळातून, मधे कोळशाचे पट्टेसुद्धा आहेत.