सावकाश वाळला तर सूत्रकृमी जगतो

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो कोरड्या खोऱ्यांत वर्षभराचा हिम वितळवला तरी १०० मिलिमीटर पाणी होत नाही, आणि त्यातलाही बराचसा न वितळताच हवेत विरून जातो. तिथल्या खारट, रेताड मातीत स्कॉटनेमा लिंडसेई हा मिलिमीटरभर लांबीचाही नसलेला सूत्रकृमी (दोऱ्यासारखा बारीक कृमी) बॅक्टेरिया आणि यीस्ट खाऊन राहतो. १० अंश सेल्सिअसला त्याची एक पिढी पुरी व्हायला सुमारे २१८ दिवस लागतात. तिथे उबेचे आठवडे मोजकेच, त्यामुळे एक पिढी कित्येक उन्हाळ्यांवर पसरते.

मधल्या काळात तो वाळून राहतो. अंगातलं जवळजवळ सगळं पाणी सोडतो, वेटोळं करतो आणि ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतो. पाणी गेलं तरी ही साखर पेशींची पटलं आणि प्रथिनं सावरून धरते. मात्र तिला तयार व्हायला वेळ लागतो. माती झटक्यात वाळली तर कृमी मरतो.

अंटार्क्टिकातल्याच रॉस बेटाच्या परिसरातला पॅनाग्रोलायमस डेव्हिडी हा सूत्रकृमी तर पेशींच्या आत बर्फ झाला तरी जगतो. एवढं असून त्याची वाढ सर्वांत जोमात होते ती २५ अंशांना! थंडी तो सोसतो, तिच्यात वाढत नाही.

खानदेशात हे कपाशीच्या शेतात उपयोगी पडतं. कपाशीच्या मुळांवरचा रेनिफॉर्म सूत्रकृमीही कोरड्या जमिनीत असाच सुप्त राहतो. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून ढेकळं उन्हात तापवली की वरचा थर भराभर वाळतो, कृमींना तयारीला सवड मिळत नाही. नांगराच्या खाली राहिलेले मात्र वाचतात.

मातीतले सूत्रकृमी शोधण्याच्या तपासणीत नेमकी इथेच फसगत होते. नेहमीच्या नरसाळ्याच्या पद्धतीत जाळीवर टिश्यू पेपर ठेवून मातीचा पातळ थर पसरतात, पाणी मातीला खालून टेकेल इतकं भरतात आणि २४ ते ४८ तासांनी नरसाळ्याखालच्या नळीचा चिमटा सोडतात. यात वळवळणारेच कृमी खाली उतरतात. मेमधल्या कोरड्या मातीतले वेटोळे वरच राहतात आणि शेत स्वच्छ वाटतं. म्हणून अंटार्क्टिकाच्या मातीसाठी साखरेचं द्रावण वापरतात: ४५४ ग्रॅम साखर, एकूण द्रावण १ लिटर. सेंट्रिफ्यूजमध्ये (जोरात गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवल्यावर वाळू बसते, कृमी तरंगतात. ते लगेच ३८ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवावे लागतात, नाहीतर साखर त्यांच्यातलं पाणी ओढून घेते.

नरसाळंच वापरायचं असेल तर पहिल्या पावसानंतर वाफसा आल्यावर शेतातल्या ८-१० जागांची, १५ ते ३० सेंटिमीटर खोलीवरची माती एकत्र करून घ्यावी. नमुन्याची पिशवी सावलीत ठेवावी. गाडीच्या डिकीत तापली की कृमी प्रयोगशाळेत पोचण्याआधीच मरतात.