विषय कळला, म्हणणं कुठे आहे?

आम्ही चार मित्र इंग्रजीतून निबंध लिहायला शिकतोय. दर आठवड्याला कागद अदलाबदल करून वाचतो आणि दर आठवड्याला निदान एका कागदाच्या समासात मी तेच खरडतो: 'हा विषय झाला. थीसिस कुठे आहे?' ते लिहून लिहून कंटाळलो, म्हणून हे एकदाच सविस्तर.

विषय म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. गृहपाठ, घरून काम, वाहतूक कोंडी. प्रश्नात तो छापूनच येतो. थीसिस म्हणजे त्या विषयावरचं तुमचं म्हणणं, एका पूर्ण वाक्यात. (हा शब्द ऐकला की काहींना पीएचडीचा प्रबंध आठवतो आणि घाम फुटतो. इथला थीसिस वीस-पंचवीस शब्दांचा असतो, घाबरू नका.) विषय एका नामात मावतो, थीसिसला क्रियापद लागतं. विषय दिलेला असतो, थीसिस आपण घडवायचा. तो बहुधा पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी येतो. एवढं कुणालाही पाच मिनिटांत समजतं, इथे कुणी अडत नाही.

अडतात ते विषय थीसिसचं सोंग घेऊन येतो तेव्हा.

'इन धिस एसे आय विल डिस्कस होमवर्क.' क्रियापद आहे, पूर्णविराम आहे, व्याकरण चोख. पण कळलं काय? की आता गृहपाठाबद्दल काहीतरी येणार आहे. ते शीर्षकावरूनही कळलं होतं. ही नुसती दवंडी आहे, आणि मला या दवंडीचा मनापासून राग आहे. लांबलचक शोधनिबंधात वाचकाला वाट दाखवायला असं वाक्य चालतं, पण तिथेही ते म्हणण्याच्या सोबतीला असतं, म्हणण्याच्या जागी नाही. आपल्या अडीचशे शब्दांच्या निबंधात कसली आलीय वाट दाखवायची?

दुसरं सोंग जास्त फसवं. 'गृहपाठाचे फायदे आहेत तसे तोटेही आहेत.' हे वाचून लिहिणाऱ्याला वाटतं, आपण समतोल राखला. अहो, असे फायदे-तोटे कशाला नसतात? गृहपाठाच्या जागी दूरदर्शन घाला, लग्न घाला, वाक्य तसंच उभं राहील. जे वाक्य कोणत्याही विषयाला चिकटतं, ते तुमच्या विषयाबद्दल काहीच बोलत नाही.

मी एकच कसोटी वापरतो: वाक्यात 'नाही' घालून बघा. 'गृहपाठाला फायदे-तोटे नाहीत' असं शहाणं माणूस म्हणेल का? नाही. म्हणजे मूळ वाक्यावर वादच संभवत नाही, आणि जिथे वाद नाही तिथे थीसिस नाही. आता हे बघा: 'लहान वर्गांत गृहपाठ बंद करावा, कारण तो मुलापेक्षा घरच्या मोठ्यांचाच कस पाहतो.' याच्या उलट म्हणणारी शहाणी माणसं सहज सापडतील. हा थीसिस.

यातला 'कारण' फार कामाचा आहे. नुसतं 'गृहपाठ बंद करावा' म्हटलं की मुलांची झोप, खेळ, दप्तराचं ओझं, सगळंच निबंधात घुसतं. 'कारण' आला की दार अर्धं बंद होतं. ज्या घरात शिकवणारं कुणी नाही तिथलं मूल मागे कसं पडतं, हा परिच्छेद आत. झोप बाहेर, मुद्दा कितीही खरा असला तरी. आणि 'सराव कधी करायचा मग?' या आक्षेपाला उत्तर आपोआप द्यावं लागतं: वर्गात, शिक्षकासमोर. विषयाला अशी निवड करता येत नाही, त्याला सगळंच चालतं.

'पण प्रश्नातच दोन्ही बाजू मांडा म्हटलंय,' हा ठरलेला बचाव. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या टास्क २ मधला, म्हणजे निबंधाचा, तो प्रश्न शेवटपर्यंत वाचा. दोन्ही मतांची चर्चा करा, आणि स्वतःचं मत द्या. दुसरा अर्धा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. अर्धवट सहमतीही चालते, फक्त कुठवर सहमत आणि कुठून पुढे नाही, ते सांगायला हवं.

व्याकरणाबद्दलही एक. मित्र मित्राचा निबंध तपासतो म्हणजे 'ए' खोडून 'द' करतो. मीही हेच करायचो. सोपं असतं आणि तपासल्याचं समाधान मिळतं. त्या परीक्षेत व्याकरणाला एक चतुर्थांश वजन आहे. प्रश्नाला दिलेलं उत्तर, त्यातली भूमिका आणि तिला दिलेला आधार, यालाही तेवढंच.

'आपली विचार करायची पद्धतच गोल गोल आहे, इंग्रजीची सरळ,' असं आमच्यातला एकजण म्हणतो. 1966 साली रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी अभ्यासकाने निरनिराळ्या भाषक गटांच्या परिच्छेदांची चित्रंच काढली होती: इंग्रजीची सरळ रेघ, इतरांची वळणं. त्यावर पुढे भरपूर टीका झाली. मला तर मित्राचं म्हणणं ही सबब वाटते, कारण त्यानेच त्याच दिवशी निबंध बाजूला ठेवून तावातावाने म्हटलं होतं, 'अरे, गृहपाठ म्हणजे आईबापांचीच परीक्षा रे!' अगदी सरळ रेघ. कागदावर मात्र दवंडी.

मी म्हटलं, आत्ता बोललास तेच लिही. त्याला वाटलं, मत एवढं थेट लिहिणं उद्धटपणाचं होईल, आणि इंग्रजीत तर चूकही होईल. पुढच्या आठवड्यात ते वाक्य पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी होतं, झोपेचा परिच्छेद गेला होता, आणि 'द' अजूनही तीन ठिकाणी चुकला होता. त्याला मी हात लावला नाही.