घामाचे मोल आणि तीन तासांची अट

१ मे म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. कॅथलिक पंचांगात त्याच तारखेला कामगार संत योसेफाचा सणही असतो. सण जुना वाटतो, पण आहे अलीकडचा. १ मे १९५५ रोजी रोममध्ये जमलेल्या इटालियन कामगारांसमोर तेव्हाच्या पोपनी तो जाहीर केला. लाल बावट्याचा दिवस ख्रिस्ती करून घ्यायचा हा हेतू उघड होता आणि कोणी तो लपवलाही नाही. मात्र त्याच्या चौदा महिने आधी, त्याच पोपच्या कारकिर्दीत, फ्रान्समधल्या सुमारे शंभर धर्मगुरूंना कारखाने सोडण्याचा हुकूम झाला होता. मुदत होती १ मार्च १९५४. सुताराला सण मिळाला आणि सुतारकाम करणाऱ्या धर्मगुरूला मज्जाव झाला. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की ख्रिस्ती श्रद्धेत कामाला किती मोल आहे, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

बायबलमधला आदामाचा घाम, पोटासाठी तंबू शिवणारा प्रेषित पौल, ‘काम करायचे नसेल त्याने खाऊही नये’ हे थेस्सलनीकाकरांना बजावणे, ही वचने वाचकांना पाठ असतात, त्यांची उजळणी करत नाही. फक्त एका गोष्टीचा विसर पडतो. काम हा शाप आहे असे उत्पत्ती हे बायबलचे पहिले पुस्तक म्हणत नाही. एदेन बागेची मशागत आणि राखण माणसाकडे दुसऱ्याच अध्यायात सोपवलेली आहे. घाम आणि काटेकुसळे येतात ती तिसऱ्यात.

मठांचा काळही भराभर ओलांडू. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत अठ्ठेचाळिसावे प्रकरण हाताच्या कामाचे आहे. आळस हा आत्म्याचा शत्रू आहे, आणि स्वतःच्या हातच्या कष्टावर जगतील तेव्हाच हे खरे मठवासी, असे ते सांगते. (‘प्रार्थना करा आणि काम करा’ हे लॅटिन ब्रीद त्या नियमावलीत कुठेच नाही, ते फार नंतरचे.) पुढे बाराव्या शतकात याच नियमावलीने चालणाऱ्या सिस्टर्शियन पंथाच्या मठांत एक सोय झाली. स्तोत्रे गाणारे व्रतस्थ वेगळे, शेत नांगरणारे आणि मेंढ्या राखणारे कामकरी बंधू वेगळे. दोघांचे बाक वेगळे, जेवणाची दालने वेगळी. कामाचा मान तोंडी राहिला आणि काम दुसऱ्याच्या अंगावर गेले. ही फट तेव्हा पडली ती आजवर पुरती बुजलेली नाही, आणि फ्रान्समधल्या भांडणाच्या मुळाशी हीच फट आहे.

मधल्या काळातला एक शब्द मात्र सोडवून घ्यायला हवा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो की, ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने त्याच स्थितीत राहावे. मूळ ग्रीक शब्द ‘क्लेसिस’, म्हणजे हाक. सोळाव्या शतकात विटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकाने बायबल जर्मन भाषेत आणले तेव्हा ‘बेरूफ’ हा शब्द वापरला. तोवर बेरूफ म्हणजे मठात किंवा धर्मसेवेत येण्याची देवाची हाक. त्याने सिराखच्या पुस्तकात हाच शब्द साध्या पोटापाण्याच्या कामाला लावला आणि जर्मन भाषेत हाक व धंदा एक झाले. चांभाराची आरी, आईने धुतलेली बाळाची दुपटी, शिपायाचा पहारा, सगळ्यालाच देवाची हाक म्हणता येऊ लागले. पुढे भांडवलशाहीच्या उगमाचा मोठा वाद या एका शब्दाभोवती घातला गेला. त्या वादात इथे शिरत नाही.

मराठीत हे दोन अर्थ कधीच एक झाले नाहीत. ‘पाचारण’ चर्चमध्ये राहिले, ‘धंदा’ बाजारात. शिवाय आपल्याकडे ‘त्याच स्थितीत राहावे’ हे वचन वाचताना ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’ आठवल्याशिवाय राहत नाही. एकोणिसाव्या शतकात महार-मांग वस्त्यांतून बाप्तिस्मा घेतलेल्यांपुढे हा प्रश्न रोकडा होता. मेलेली गुरे ओढणे, गावचा सांगावा पोचवणे, याला पाचारणाची स्थिती म्हणायचे की बेडी? पुढच्याच ओळीत पौल दासाबद्दल बोलतो, आणि तिथले ग्रीक असे आहे की ‘स्वतंत्र होता आले तर ती संधी घे’ असाही अर्थ निघतो आणि ‘होता आले तरी दासपणाचाच उपयोग कर’ असाही. माझ्या मते पहिलाच अर्थ खरा, आणि प्रत्यक्षात मिशनांनीही बऱ्याच ठिकाणी तोच धरला. अहमदनगरकडे मिशनच्या उद्योगशाळांत सुतारकाम आणि विणकाम शिकवले गेले, ते जातीने नेमून दिलेले काम सुटावे म्हणून. कोकणात अजून कित्येक घरांवर दिसणारे मंगलोरी कौल याच विचारातून आले. धर्मांतरामुळे जात आणि पोटाचे साधन दोन्ही गमावलेल्यांना रोजगार हवा होता, म्हणून १८६५ मध्ये मंगळुरात एका जर्मन-स्विस मिशनने कौलांचा कारखाना घातला. मिशनने नफा कमवावा का, यावर त्यांच्याच घरात बराच खल झाला.

आता मुख्य गोष्ट.

१८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या पोपच्या परिपत्रकातून कॅथलिक ख्रिस्तसभेने न्याय्य मजुरीची आणि कामगारांच्या संघटनेच्या हक्काची बाजू घेतली होती. कामगार मात्र हातातून निसटून चालला होता. १९४३ मध्ये पॅरिसच्या उपनगरांत काम करणाऱ्या दोन धर्मगुरूंनी एक अहवाल लिहिला आणि फ्रान्स हाच आता मिशनचा मुलूख झाला आहे का, असा थेट सवाल केला. त्याच वर्षी जर्मनीने फ्रेंच तरुणांना सक्तीने कारखान्यांत न्यायला सुरुवात केली. त्यांच्यासोबत काही धर्मगुरू आपली ओळख लपवून साधे कामगार म्हणून गेले. परतले ते हादरून. शेजारच्या यंत्रावरचा माणूस देवाचा वैरी नव्हता, त्याच्या जगात चर्च नावाची वस्तूच नव्हती. मार्सेच्या गोदीत तर १९४१ पासूनच डॉमिनिकन संघाचा एक धर्मगुरू हमाली करत होता. १९४३-४४ मध्ये पॅरिसच्या कार्डिनलनी (कार्डिनल म्हणजे पोपखालोखालचे धर्माधिकारी) या कामासाठी वेगळे मिशन उभे केले.

हे कामगार-धर्मगुरू झगा उतरवून भाड्याच्या खोलीत राहत आणि मजुरीवर पोट भरत. पाळी संपवून आल्यावर जेवणाच्याच टेबलावर मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची उपासना. त्या काळी कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर घेण्याच्या, आधी मध्यरात्रीपासून उपास असे, पाण्याचा घोटसुद्धा चालत नसे, आणि मिस्सा सकाळीच करायची. रात्रपाळी करून भट्टीपासून आलेल्या माणसाच्या आयुष्यात हा नियम बसतच नव्हता. उपासाचा नियम सैल होऊन सायंकाळच्या मिस्सेला सर्वत्र वाट मिळाली ती १९५३ च्या जानेवारीत. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. चर्चचे वेळापत्रक बारा तास राबणाऱ्या माणसासाठी आखलेलेच नव्हते, हे धर्मगुरूच्या स्वतःच्या हाताला ग्रीस लागल्यावर ध्यानात आले.

काम लुटुपुटीचे नव्हते. एप्रिल १९५१ मध्ये बोर्डोच्या गोदीत लाकडांचा भार अंगावर पडून त्यांच्यातला एक तरुण धर्मगुरू मेला. कामगार म्हणून जगायचे तर संपाच्या वेळी बाजूला उभे राहता येत नाही, तेव्हा बरेच जण युनियनमध्ये गेले, आणि सगळ्यात मोठी युनियन कम्युनिस्टांच्या प्रभावाखाली होती. काहींना तिथे पदेही मिळाली. २८ मे १९५२ ला पॅरिसमध्ये अमेरिकन सेनापतीच्या विरोधात निदर्शने झाली, त्यात दोन धर्मगुरूंना पोलिसांनी पकडून मारले. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. रोममध्ये आधीच साशंक असलेल्यांच्या हाती कोलीत मिळाले.

१९५३ च्या शरद ऋतूत सूत्रे हलली. नोव्हेंबरमध्ये तीन फ्रेंच कार्डिनल रोमला गेले आणि काही अटी घेऊन परतले. बिशपने खास निवडलेलेच धर्मगुरू पाठवायचे, त्यांनी एकटे राहायचे नाही, युनियनमधली पदे सोडायची आणि हातकाम थोडा वेळच करायचे. जानेवारी १९५४ च्या पत्रात हा ‘थोडा वेळ’ आकड्यात आला. दिवसाला तीन तास.

या तीन तासांवर थांबायला हवे, कारण बाकीच्या अटींवर वाद घालता आला असता. कोणता कारखानदार तीन तासांसाठी माणूस ठेवतो? हजेरीच्या कार्डावर आठ-नऊ तासांची पाळी असते आणि यंत्र तीन तासांनी दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. गोदीत जहाज रिकामे करणारी टोळी एका माणसाला दुपारी सोडत नाही. म्हणजे कागदावर मर्यादा, व्यवहारात बंदी. त्यातून निघणारा अर्थ आणखी टोचणारा होता. तीन तास काम म्हणजे छंद, किंवा तपश्चर्या, किंवा दाखवायला केलेला नमुना. ज्या कामावर पोट चालते, जे नको म्हणता येत नाही, तेच कामगाराचे काम असते. नेमके तेवढेच वगळून उरलेल्याला परवानगी होती.

दुसरी बाजूही पोकळ नव्हती. धर्मगुरूचा अभिषेक देवाची अर्पणे करण्यासाठी झालेला असतो. नेमाच्या प्रार्थना, अभ्यास, लोकांच्या पापनिवेदनाला वेळ, हे सगळे पाळीतून उरणाऱ्या थकव्यात कसे बसायचे? शिवाय युनियनमध्ये गेलेला धर्मगुरू मालकाचा धर्मगुरू राहतो का? हे प्रश्न खरे आहेत. १९५९ च्या उन्हाळ्यात रोमने पुन्हा एक पत्र पाठवून तीन तासांचीही वाट बंद केली. तोपर्यंत नवे पोप आले होते, तरीही. कारखान्यातले काम धर्मगुरूच्या जीवनाशी आणि कर्तव्यांशी जुळत नाही, त्या वातावरणात विचार जडवादी होतात, ब्रह्मचर्यालाही धोका, असा त्या पत्राचा आशय होता. हे वाचून एका गोष्टीचे दुःख होते. ज्या वातावरणात धर्मगुरूने पाऊल ठेवू नये म्हटले, त्यात लाखो बाप्तिस्मा घेतलेले स्त्री-पुरुष रोज सकाळी जात होते, आणि त्यांच्या कामाला तर पवित्र म्हटले जात होते.

१९५४ च्या फेब्रुवारीत ७३ कामगार-धर्मगुरूंनी सही करून जाहीर निवेदन काढले. १ मार्च उजाडला तेव्हा दोन तट पडले. काहींनी आज्ञा मानून कारखाना सोडला. मोठा गट कामावरच राहिला आणि मिस्सा करण्याचा अधिकार गमावून बसला. आज्ञा मानणारे आणि न मानणारे अशी त्यांची कायमची ओळख झाली. दोघांनीही जबर किंमत मोजली, आणि कोणा एकाला शूर व दुसऱ्याला भित्रा म्हणणे मला पटत नाही. आज्ञाधारकतेची शपथ आणि सोबत्याला दिलेला शब्द, यांतून एक मोडणे भाग होते.

अकरा वर्षांनी, ऑक्टोबर १९६५ मध्ये, फ्रेंच बिशपांनी रोमच्या संमतीने हा मार्ग पुन्हा खुला केला. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, धर्मगुरूंविषयीच्या आदेशात हातकाम करून कामगारांच्या वाट्याचे जिणे जगणाऱ्यांचा उल्लेखही केला. तासांची अट गेली, पूर्ण पाळी मान्य झाली. पण परवानगी नव्याने निवडलेल्या मोजक्या लोकांना होती, आणि सुरुवातीला युनियनमध्ये पद घ्यायला मनाई कायम होती. १९५४ मध्ये यंत्रापाशी थांबलेल्यांतले बरेच जण तोवर संसाराला लागले होते.

यानंतरचा टप्पा पोलंडमधून आला. १९४७ मध्ये एक तरुण पोलिश धर्मगुरू फ्रान्सला जाऊन हे प्रयोग पाहून आला होता आणि १९४९ मध्ये क्राकूवच्या साप्ताहिकात त्याने त्यावर आस्थेने लेख लिहिला होता. युद्धकाळात तो स्वतः दगडखाणीत आणि मग रसायनांच्या कारखान्यात कामाला होता. पुढे तो पोप जॉन पॉल दुसरा झाला. ‘रेरुम नोव्हारुम’ला नव्वद वर्षे होत असताना त्याने कामावरचे परिपत्रक लिहिले. ते १५ मे १९८१ ला निघायचे होते, पण १३ मेला संत पीटर चौकात त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि परिपत्रक १४ सप्टेंबरला आले. ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’चा गाभा असा की, कामाचे मोल कोणते काम केले यावरून ठरत नाही, करणारा माणूस आहे यावरून ठरते. झाडू मारणाऱ्याच्या आणि शास्त्रज्ञाच्या कामाची प्रतवारी त्यामुळे निदान या एका मापावर पुसली जाते. भांडवलापेक्षा श्रम आधी, हेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. कारखान्यातून परत बोलावलेल्या धर्मगुरूंचा उल्लेख त्यात नाही.

आणि तो १ मेचा सण? १९६९ च्या सुधारित पंचांगात त्याची पायरी उतरली. मोठ्या सणाचा तो ऐच्छिक स्मरणदिन झाला. त्या दिवशी कामगार योसेफाची मिस्सा करायची की नेहमीची, हे आता वेदीवरच्या धर्मगुरूने ठरवायचे असते.