मीटरवर १२ व्होल्ट, तरी ठिणगी अशक्त

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, पण हौशी मालकांकडे पद्मिन्या अजून आहेत. अशी गाडी चढावर मिसिंग करू लागली, म्हणजे मधूनच ठिणगी हुकून झटके देऊ लागली, की ‘टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) गेलंय’ म्हणत पहिला हात डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाला, जातो. वायरिंगची शंका काढलीच, तर उत्तर मिळतं, ‘कॉइलवर १२ व्होल्ट येतायत की!’ (कॉइल म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टवरून ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज बनवणारा भाग.)

हे १२ व्होल्ट बऱ्याचदा सीबी पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा डिस्ट्रिब्युटरमधला स्विच) उघडे असताना मोजलेले असतात. तेव्हा कॉइलमधून प्रवाहच वाहत नसतो. ओहमचा नियम शाळेतलाच आहे: व्होल्टेजची घट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. प्रवाह शून्य, तर घटही शून्य. त्यामुळे तांब्याच्या एकाच धाग्यावर तगलेली वायरसुद्धा अशा वेळी पूर्ण १२ व्होल्ट दाखवते.

आता पॉइंट बंद करा. बॅलास्ट रेझिस्टर (प्रवाह मर्यादेत ठेवणारा वेगळा रोध) नसलेल्या जुन्या कॉइलचा प्रायमरी (बॅटरीकडच्या वेटोळ्याचा) रोध साधारण ३ ओहम, म्हणजे प्रवाह ४ अँपिअर. गंजलेल्या लगमध्ये (वायरच्या टोकाच्या धातूच्या जोडात) किंवा इग्निशन स्विचमध्ये अर्धा ओहम वाढला की प्रवाह ३.४ वर येतो आणि १.७ व्होल्ट त्या जोडातच खर्ची पडतात. प्रवाह घटला १४ टक्केच. पण कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ०.८६ चा वर्ग ०.७४, म्हणजे ठिणगीची पाव ऊर्जा गेली! आयडलिंगला हे कळत नाही. चढावर थ्रॉटल उघडा असतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगची फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि नेमकी तिथे ठिणगी हुकते.

म्हणून मोजायचं ते प्रवाह वाहत असताना. इग्निशन चालू, पॉइंट बंद, मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलच्या शिशावर टेकवा, क्लॅम्पवर नको, कारण क्लॅम्पखालची पांढरी बुरशीही मोजली जायला हवी. काळं टोक कॉइलच्या स्विचकडच्या टर्मिनलवर. आकडा ०.५ व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर काळं टोक एकेक जोड मागे आणत जा. ज्या जोडाशी आकडा झपकन उतरतो, तो दोषी. मग कॉइलचं डिस्ट्रिब्युटरकडचं टर्मिनल ते बॅटरीचा निगेटिव्ह पोल असं मोजा. इथे ०.३ हून जास्त आलं तर पॉइंट जळलेत किंवा अर्थिंग (इंजिन-बॉडीची बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी) सैल आहे. चाचणी मिनिटभरात उरका, नाहीतर कॉइल तापते.

  

टायमिंग यानंतर, आणि त्याआधी गॅप, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडल्यावरची फट. ठिणगी पॉइंट उघडताना पडते. पॉइंटची कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे सरकतं. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मॅन्युअलमधलं माप लावा. अशा डिस्ट्रिब्युटरमध्ये ते साधारण ०.४ ते ०.५ मिमी असतं. पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवर टायमिंगची खूण जुळवा. छोट्या बल्बचा टेस्ट लॅम्प कॉइलचं डिस्ट्रिब्युटरकडचं टर्मिनल आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये जोडा. इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्युटर त्यातल्या रोटरच्या फिरण्याच्या दिशेने दिवा विझेपर्यंत फिरवा, मग उलट दिशेने हळूहळू आणा. दिवा लागला त्या जागी डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प आवळा. यानंतर गॅपला हात लावलात, तर टायमिंग पुन्हा लावावं लागेल.