रामशास्त्री प्रभुणे

रामशास्त्री प्रभुणे (सु. १७२० – २५ ऑक्टोबर १७८९) : पेशवाईतील मुख्य न्यायाधीश आणि धर्मशास्त्राचे पंडित. पूर्ण नाव राम विश्वनाथ प्रभुणे. साताऱ्याच्या पूर्वेस सुमारे पाच किलोमीटरांवर वेण्णा कृष्णेला मिळते, तेथील क्षेत्र माहुली हे त्यांचे जन्मगाव. शाहू छत्रपतींच्या काळात सातारा ही मराठी राज्याची राजधानी होती आणि माहुलीच्या संगमावर घाट, देवळे व समाध्या उभ्या राहत होत्या. मात्र वडिलांचे छत्र लवकर हरपल्याने या मुलाला पोटासाठी साताऱ्यातील अनगळ सावकारांच्या वाड्यावर शागिर्दी पत्करावी लागली. सावकारांच्या पायांवर पाणी घालताना त्याची नजर त्यांच्या कानातील भिकबाळीच्या मोत्यांवर खिळली आणि धार भलतीकडेच पडू लागली. असली भिकबाळी हवी तर आधी विद्या किंवा पराक्रम मिळवावा लागतो, असे बोल त्याला ऐकावे लागले, आणि ते जिव्हारी लागून त्याने काशीची वाट धरली, ही हकीकत साताऱ्याकडे अजून सांगितली जाते. काशीत बाळंभट्ट पायगुंडे यांच्याकडे त्यांचे अध्ययन झाले, असे परंपरा सांगते. अक्षरओळख करून घेण्याचे वय केव्हाच उलटून गेलेले असताना त्यांनी हे अध्ययन केले, ही गोष्ट भिकबाळीपेक्षा अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१७५१ मध्ये ते पेशव्यांच्या चाकरीत आले आणि बाळकृष्णशास्त्री गाडगीळ यांच्यामागून १७५९ मध्ये पुण्याच्या मुख्य न्यायाधीशपदी नेमले गेले. या पदाचे काम आजच्या न्यायालयापेक्षा बरेच वेगळे होते. लिखित कायद्याची संहिता नव्हती. मिताक्षरा, व्यवहारमयूख यांसारखे ग्रंथ आणि गावोगावची वहिवाट यांवर निर्णय होत. तंटा आधी गावच्या पाटलाकडे, मग मामलेदाराकडे आणि तेथेही न मिटल्यास पुण्यास येई. तंटे बहुधा वतनाचे, पाटीलकी-कुलकर्णाचे, दत्तकाचे, भाऊबंदकीतील वाटण्यांचे असत. अग्रवादी (फिर्यादी) व पश्चिमवादी (प्रतिवादी) आपापल्या तकरीरी, म्हणजे आपली बाजू मांडणारी निवेदने, लिहून देत, पंचायतीचा निर्णय मान्य करू असे राजीनामे, म्हणजे संमतिपत्रे, देत, जामीन देत. कागद आणि साक्षी अपुऱ्या पडल्या तर नदीच्या पात्रात उभे राहून शपथ घेण्याची किंवा दिव्य (खरेखोटे ठरवण्याची कठोर परीक्षा) करण्याची वेळ येई. शेवटी निवाडपत्र होई, जिंकणारा सरकारात हरकी (जिंकल्याबद्दलची रक्कम) भरी आणि हरणारा गुन्हेगारी, म्हणजे दंड. अशा व्यवस्थेत निवाडा टिकत असे तो मुख्यतः पंचांवरील आणि न्यायाधीशावरील लोकांच्या भरवशामुळे. रामशास्त्र्यांची निःस्पृहता हा म्हणूनच केवळ खाजगी सद्गुण नव्हता. त्यांच्या पदाचे ते भांडवलच होते.

त्या निःस्पृहतेच्या कथा पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर पुढच्या पिढ्यांचा हात फिरला असावा. पेशव्यांच्या वाड्यात रामशास्त्र्यांच्या पत्नीला शालू-दागिने घालून पालखीतून घरी पाठवले, तेव्हा शास्त्रीबुवांनी दारातच भोयांना सांगितले, की या कोणी थोर घरच्या बाई दिसतात, तुम्ही घर चुकलात, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. दिवसापुरता शिधा असेल त्याहून अधिक काही घरात ठेवायचे नाही, हा त्यांचा नेम मात्र इंग्रज इतिहासकार ग्रँट डफ यांनीही नोंदवला आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांचा स्नानसंध्या-जपात फार वेळ जाऊ लागला तेव्हा, ब्राह्मणाचा धर्मच पाळायचा तर आपण दोघेही काशीला जाऊ, नाहीतर गादीवर बसून राज्य पाहावे, असे त्यांनी सुनावल्याचे सांगतात. माधवरावांनी हे मानले. सांगणाऱ्याइतकाच ऐकणाराही येथे मोठा होता.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे चुलते रघुनाथराव पेशवेपदावर बसले असतानाच रामशास्त्र्यांनी चौकशी चालवली आणि सुमारे सहा आठवड्यांनी पुरावा हाती येताच त्यांना समोरासमोर जाब विचारला. आपण पुतण्याला धरण्याचा हुकूम दिला, मारण्याचा नव्हे, असे रघुनाथरावांचे म्हणणे पडले. हुकमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी केले, ही कथा येथूनच रूढ झाली आणि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठीत कायमचा राहिला. या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय देऊन शास्त्र्यांनी पद सोडले आणि वाईजवळच्या पांडववाडीस जाऊन राहिले. निर्णय अमलात आणण्याचे बळ त्यांच्यापाशी नव्हते. रघुनाथरावांच्या राज्यात आपण न्यायासनावर बसणार नाही एवढेच त्यांच्या हाती होते, आणि तेवढे त्यांनी केले. रघुनाथरावांना बाजूस सारून बारभाईंचा, म्हणजे त्यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या मुत्सद्द्यांच्या मंडळाचा, कारभार सुरू झाल्यावर त्यांना पुन्हा बोलावून घेण्यात आले. नाटककारांना रघुनाथरावांना जाब विचारल्याचा तो एकच प्रसंग पुरेसा वाटतो. पण त्यानंतरही त्यांनी बरीच वर्षे तकरीरी ऐकण्याचे काम केले, हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही.

शास्त्राचा अर्थ लावताना ते कर्मठ नव्हते, असे दाखवण्यासाठी पेशव्यांचे सरदार तासगावकर परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या बालविधवा मुलीचे उदाहरण देतात. तिचा पुनर्विवाह करण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असे मत रामशास्त्र्यांनी दिले, पण घरातूनच विरोध झाल्याने तो बेत सोडून द्यावा लागला, अशी ही आख्यायिका आहे.

पुण्यात त्यांचे निधन झाले. करड्या निःपक्षपातीपणाला ‘रामशास्त्री बाणा’ म्हणण्याची पद्धत आज वर्तमानपत्री मराठीतही आहे. साताऱ्यात इंग्रजांचे प्रतिनिधी म्हणून राहिलेले ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला. रामशास्त्र्यांच्या वेळी पंचायतींनी दिलेले निवाडे अजून दाखल्यादाखल पुढे केले जातात, असे त्यांनी त्यात लिहिले. तेव्हा शास्त्र्यांना जाऊन सदतीस वर्षे झाली होती, आणि पेशवाई बुडूनही आठ.