‘व्हिसलब्लोअर कायदा आहे ना!’

पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत हॉस्पिटलांच्या स्टाफरूममध्ये एक समज पक्का बसलाय: रुग्णाचा रिपोर्ट कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला आणि सिस्टरने तक्रार केली, तर २०१४ चा व्हिसलब्लोअर कायदा, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा, तिची नोकरी वाचवेल.

नाही वाचवणार. तो कायदा संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. पण अंमलात आणलाच गेलेला नाही. शिवाय त्याचा रोख लोकसेवकांच्या भ्रष्टाचारावर आणि अधिकारांच्या गैरवापरावर. खासगी हॉस्पिटलचा त्यात संबंधच कुठे?

मग हातात काहीच नाही? तसंही नाही. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू १० सप्टेंबर २०१८ पासून. त्यात रुग्णाची एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करायला मनाई आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्यसंस्थेला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. आणि मुख्य म्हणजे, या कायद्याखाली तक्रार केली, माहिती दिली किंवा साक्ष दिली म्हणून कुणाला त्रास देणं हेही निषिद्ध. (हे कलम स्टाफरूमच्या भिंतीवर मी तरी कधी पाहिलेलं नाही.)

मधुमेहाचा रिपोर्ट फुटला तर मात्र हे कवच लागू नाही. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. पुरावा म्हणून रुग्णाचे कागद स्वतःच्या मोबाइलमध्ये घेऊ नका, नाहीतर गोपनीयताभंगाचा ठपका उलट तुमच्यावरच यायचा.