झाड आधी वाऱ्याकडच्या बाजूने उपटतं

वादळात झाड पडलं की पहिलं वाक्य ठरलेलं: “आतून पोकळ झालं होतं.” कधी ते खरंही असतं. पण खोड वाकतं तेव्हा सर्वाधिक ताण बाहेरच्या लाकडावर येतो, गाभ्यावर फारच थोडा. व्यासाचा 70 टक्के भाग पोकळ झाला, पण भोवतीचं लाकूड अखंड राहिलं, तर वाकणं सोसण्याची सुमारे तीन चतुर्थांश ताकद शिल्लक असते. ढोलीला तोंड पडलं किंवा उभी चीर गेली, की मात्र हा हिशेब लागू होत नाही. म्हणून बुंध्याच्या खाली बघा.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा वारा ताशी 110 ते 120 किलोमीटरचा होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 40 किलोमीटरला दर चौरस मीटरवर साधारण साडेसात किलोचा भार येतो, 110 ला तो 57 किलो होतो. समजा, झाडाचा वाऱ्यासमोरचा विस्तार 20 चौरस मीटर आहे आणि पानं-फांद्या मिटल्यामुळे यातला 30 टक्केच भार लागू झाला. तरी सुमारे 340 किलो, आणि तेही 8 मीटर उंचीवर! झाड ही एक लांब पहार झाली. तिचा टेकू पडतीच्या बाजूला, जिथे जाड मुळं जमिनीवर दाबली जातात. टेकूपासून दीड मीटरवर वाऱ्याकडची मुळं धरून आहेत असं मानलं, तर झाड उभं ठेवायला तिथे जवळजवळ 1,800 किलोची ओढ लागते.

ही ओढ चौघं वाटून घेतात: वाऱ्याकडची ताणलेली मुळं, मुळांत अडकलेल्या मातीचं वजन, त्या गड्ड्याखालच्या मातीची पकड आणि टेकूकडच्या मुळांचा ताठपणा. पाऊस मुरला की मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पकड सुटते. मग प्रत्येक झोताबरोबर झाड झुलतं, वाऱ्याकडे जमिनीला अर्धवर्तुळाकार भेग पडते, मुळं एकेक तुटतात. जांभ्यावरच्या पातळ मातीत मुळं खोल जाऊच शकत नाहीत. शहरात केबलसाठी बुंध्यालगत चर खणून आपण नेमकी ताणाची मुळं तोडतो आणि दोष झाडाला देतो.

सुपारीचं दुखणं निराळं. तिला वाढीचा एकच कोंब असतो. बारीक पोफळ मध्येच मोडली की संपली. नवीन रोपाला फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. जांभळाच्या मोडलेल्या खोडाला मात्र बाजूने धुमारे फुटतात.

दाट सदाहरित रानात जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के ऊन पोचतं. मोठं झाड आडवं झालं की तिथे उजेडाचा झोत येतो, गड्डा उपटून खड्डा आणि शेजारी मातीचा उंचवटा होतो. उघड्या मातीत चांदाडा हे झाड भराभर वर येतं, आणि वर्षानुवर्षं सावलीत खुंटलेली रोपंही उंची धरतात. या मोकळ्या जागेच्या कडेची झाडं मात्र आडोशात वाढल्यामुळे शिडशिडीत असतात. पुढच्या वादळात त्यांचा नंबर लागतो.

देवराईतलं झाड पडलं की कोप झाला म्हणतात. कोप नाही, भिजलेली माती आणि लांब पहार, एवढंच. पडलेलं लाकूड न हलवण्याची रीत मात्र पाळावी. ओंडक्याच्या ओलाव्यात बुरशी, किडे, रोपं सगळं जगतं. हात घालायचाच तर रानमोडी या तणाला. ती मोकळ्या जागेत सगळ्यांच्या आधी शिरते आणि रोपांवर पसरते. हिवाळ्यात तिला फुलोरा येतो, त्याआधी, माती ओली असतानाच, ती मुळासकट उपटावी.